अर्ध्या कहाणीचे तांदूळ

"कहाणी अर्ध्यात टाकून उठायचं न्हाई, रत्ने. सांगणारीनं न्हाई आन् ऐकणारीनंबी न्हाई. मुठीतले तांदूळ देवीच्या पायाशी पडले, की मगच पाण्याला हात लावायचा."

सासूबाईंना, म्हणजे सगुणाबाईंना, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण हा आवाज रत्नाबाईच्या कानात अजून तसाच होता, जरा घोगरा, जरा दटावणीचा. सासूनं तिला भाकरी थापायला शिकवलं, पेरणीआधी भाताचा राब भाजायला शिकवलं, आणि श्रावणात बायका जमल्या की कहाणी कशी सांगायची तेही शिकवलं. भाकरी अधूनमधून करपायची, कहाणी मात्र रत्नाबाईनं कधी अर्ध्यात टाकली नव्हती.

वाघजाईची वाडी मुळा नदीच्या अगदी काठावर, धरणाच्या खाली दोन कोसांवर. गावामागे टेकडी आणि टेकडीच्या खांद्यावर वाघजाईचं देऊळ. तिथं रोज सकाळी दिवा लावायचा, असं रत्नाबाई लग्नाच्या वर्षीच देवीला बोलली होती. पाऊस असो, ताप असो, दिवा लावल्याशिवाय तिनं तोंडात घास घातला नाही. बाई अशी नेमाची, पण आवाज इतका हळू, की नवऱ्याला, कोंडिबाला, जेवायला बोलवायचं तर ती हाक मारत नसे. गोठ्याच्या दाराशी जाऊन नुसती उभी राहत असे. कोंडिबा म्हणायचा, आमच्या घरात भांडणसुद्धा कान देऊन ऐकावं लागतं.

मागल्या पावसाळ्यात पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. ती बातमी आल्यापासून वाडीतली माणसं नांगर धरता धरता उगाच वर, धरणाच्या दिशेनं बघू लागली. आपलं धरण दगडी, पस्तीस वर्षं जागचं हललं नव्हतं. तरी पुढचा पावसाळा तोंडावर आला तसा पोलीस पाटील कुशाबानं सराव सुरू केला. चावडीपुढच्या चिंचेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला. त्याच्यावर लोखंडी कांबीनं दणादणा टोल पडले, की हातातलं काम टाकून सगळ्यांनी टेकडी चढायची आणि देवळापुढच्या पटांगणात बसायचं. सावकाश तीन टोल पडले, की खाली यायचं.

ऐकायला सोपं होतं. पहिल्या सरावाला गावातली सत्तावीस पोरं वर गेली आणि मोजणीला एकोणीस भरली. वैशाख महिना, टेकडीवरच्या जाळ्या करवंदांनी काळ्याभोर झालेल्या. आठ पोरं जाळ्यांत शिरली ती संध्याकाळी तोंडं जांभळी करून घरी आली. दुसऱ्या सरावाला पोरांनी वरून दगड गडगडवत सोडले. एक दगड कुशाबाच्या पटक्याजवळून गेला. त्या दिवशी मोजणीत एकच पोर कमी भरलं, पण त्या एकापायी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ती होती गोजरा, आठ वर्षांची. आईबाप मुंबईला गिरणीत, आणि ही इथं आजीजवळ. शोधशोध शोधली तर पोरगी खाली घरात, आजीला टेकून बसलेली. "आजी एकटी हाय," एवढंच म्हणाली.

आजी म्हणजे साळूबाई. गावात एकटी तीच सरावाला घराबाहेर पडत नसे. कुशाबा तिला दोनदा समजावून आला. दुसऱ्या वेळी तिनं त्याला दारातच थांबवलं.

"मला एकदा पाण्यानं उठवलंय, कुशाबा. दुसऱ्यांदा उठत न्हाई. तू तुझा रूळ बडव."

कुशाबा दारातूनच माघारी फिरला. साळूबाईचं मूळ गाव वर, आता जिथं धरणाचं पाणी आहे तिथं होतं. तिशीची असताना ते गाव बुडालं आणि ती इथं आली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारत नसे, आणि तीही सांगत नसे.

त्या दिवसापासून रत्नाबाईच्या जिवाला मात्र चैन पडेना. सकाळी देवीपुढं वात सरळ करताना तिच्या डोळ्यांपुढं तेच यायचं. खरंच पाणी आलं, तर सगळी माणसं वर चढत असतील आणि ही चिमुरडी तेवढी उतारावरून खाली धावत सुटेल. म्हातारी उठली नाही तर पोरगी राहायची नाही. दोघींनाही वर येऊ दे गं माये, असं ती रोज म्हणायची आणि दिव्यात आणखी थेंबभर तेल घालायची.

तिसऱ्या सरावाच्या आदल्या दिवशी कुशाबा तिच्या अंगणात आला. बाया गाठोडी आणतात, गडी म्हाताऱ्या माणसांना आणतात, पोरांचं बघायला कुणी नाही, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "वैनी, तुमी रोज वर जाताच. पोरांना तेवढं बसवून धरा."

"माझा आवाज पुरायचा न्हाई, भावोजी."

"मोठ्या आवाजानं काय हुतंय ते बघितलं मी. माझाच हाय मोठा."

रात्रभर रत्नाबाई विचार करत राहिली. फुगडी घालावी तर पोरगे ऐकणार नाहीत, आट्यापाट्या मांडाव्या तर धाकटी रडतील. शेवटी तिला सुचलं ते आपलं रोजचंच. सकाळी तिनं पदराच्या टोकाला दोन मुठी आंबेमोहोर तांदूळ बांधले.

टोल पडले, पोरं धावत वर आली. ती बसायच्या आत रत्नाबाईनं प्रत्येकाच्या तळहातावर पाच-पाच दाणे ठेवले. मूठ मिटायची, कहाणी संपेपर्यंत उघडायची नाही, संपली की दाणे देवीला वाहायचे. एवढंच सांगितलं, आणि तेही तिच्या नेहमीच्या आवाजात, त्यामुळे मागची पोरं ऐकायला आपोआप पुढं सरकली. मग तिच्या लक्षात आलं, की मिटलेल्या मुठीनं करवंद तोडता येत नाही, दगड मारता येत नाही, आणि पुढच्याचे केसही ओढता येत नाहीत. ती देवीकडं बघून मनात हसली.

दर खेपेला सरावाचा सुगावा चाँदभाईला कुशाबाच्या आधी लागायचा. पौडाहून सायकलवर शेवचुरमुऱ्यांचा डबा लादून तो टेकडीच्या पायथ्याशी यायचा आणि डबा डोक्यावर घेऊन वर चढायचा. पण आज पोरांच्या मुठी मिटलेल्या, विकणार कुणाला? त्यानं डबा बाजूला ठेवला, पोरांच्या मागं बसकण मारली आणि स्वतःचा हात पुढं केला. रत्नाबाईनं त्यालाही पाच दाणे दिले.

बहिरू नावाचा एक चौकस पोरगा होता. त्यानं विचारलं, मुठीला घाम आला तर? देवीला चालतो, रत्नाबाई म्हणाली. नाक पुसायचं झालं तर? दुसरा हात आहे.

"आन् तहान लागली तर, काकी?"

रत्नाबाईच्या तोंडून सासूचे शब्द जसेच्या तसे आले. तांदूळ देवीच्या पायाशी पडले, की मगच पाण्याला हात लावायचा. बहिरूनं मान डोलावली आणि सव्वीस पोरांनी त्याच्याबरोबर डोलावली.

गोजरा सगळ्यांत शेवटी आली होती, खाली घराकडं बघत बघत. तिनं एक मूठ मिटली आणि दुसरा हात पसरला. "आजीचेबी दे." बरं वाटलं रत्नाबाईला. निदान आजीला नेऊन द्यायचे म्हणून तरी पोरगी तोवर बसेल. तिनं त्या हातावरही पाच दाणे ठेवले.

कहाणी कुठली सांगायची हे तिनं ठरवलं नव्हतं. श्रावणातल्या कहाण्या पोरांनी ऐकलेल्या. तेव्हा तोंडाला येईल ती सांगू लागली, आणि सांगता सांगता तिला जरा भीतीही वाटली, की देवीच्या अंगणात आपण मनचं सांगतोय. पण जुन्या कहाण्याही कुणा एका बाईनं कधीतरी पहिल्यांदा सांगितल्याच असतील.

एक गाव होतं नदीच्या कुशीत. तिथं एक म्हातारी राहायची. दारी आलेल्याला नाही म्हणणार नाही, असा तिनं देवीला शब्द दिला होता. एके दिवशी दारी आली खुद्द नदी. हिरवं लुगडं, केसांत शेवाळ, पाय दगडांनी खरचटलेले. म्हणाली, लांबून आले, बसू का घटकाभर? म्हातारीनं पाट दिला. नदी पाटावर बसली, तशी घरात घोट्याएवढं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी नदी म्हणाली, भाकरी दे. म्हातारीनं दिली, तशी घरात गुडघाभर पाणी झालं. चुलीतली लाकडं तरंगायला लागली, मांजर शिंक्यात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी नदी म्हणाली, बाई, फार दमले गं, आता मला तुझ्या घरात निजू दे...

चाँदभाईचं तोंड उघडं राहिलेलं. तेवढ्यात खालून सावकाश तीन टोल पडले.

झालं होतं असं, की कुशाबानं पटांगणाच्या कडेला उभं राहून पोरं मोजली होती. सत्तावीस भरली. त्याचा विश्वास बसेना. तीनदा मोजली, तिन्ही वेळा सत्तावीस. इतका हरखला, की उड्या मारतच खाली गेला आणि ठरल्या वेळेच्या घटकाभर आधीच त्यानं सराव संपवला. टोल ऐकला तशी सवयीनं पोरं उठली आणि उताराला लागली. थांबा रे, असं रत्नाबाई म्हणाली खरी, पण ते तिच्या आवाजात. पटांगण रिकामं झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिची कहाणी अर्ध्यात राहिली होती.

दुपारी ऊन असं तापलं, की अंगणात पाऊल ठेववेना. रत्नाबाईनं चूल सारवली, पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावला नाही. सांगणारीलाही नेम असतोच. एवढ्यात बहिरूची आई दारात आली. तिच्यामागून दुसरी आली, मग चौघीजणी.

"रत्नाबाय, काय केलंस गं पोराला? पानी पीत न्हाई. मूठ उघडत न्हाई. डाव्या हातानं जेवायला बसलाय मुडदा."

बहिरूच नव्हे, गावातलं एकही पोर पाण्याला शिवलं नव्हतं. एकीच्या धाकट्या लेकानं मुठीवर चिंधी बांधून घेतली होती, झोपेत उघडू नये म्हणून. बायका रागावून आल्या होत्या, पण सांगता सांगता एकीला हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसल्या. एरवी आपण घसा कोरडा करून ओरडतो तरी ऐकत नाहीत, म्हणाल्या.

रत्नाबाईला हसू आलं नाही. ती पदर डोक्यावर घेऊन त्या उन्हात घरोघर फिरली. प्रत्येक पोरापुढं बसून तिनं सांगितलं, की तुझ्या पाण्याचा नेम मी माझ्याकडं घेतला, कहाणी पुरी होईपर्यंत तुझ्या वाट्याची तहान माझी. तांदूळ तेवढे गाठीला बांधून ठेव. पोरांना ते पटलं. घटाघटा पाणी प्यायली. बहिरूनं दोन तांबे संपवले आणि मग विचारलं, की काकी, आता तुला सत्तावीस तहाना लागल्या असतील का?

शेवटचं घर साळूबाईचं. गोजरा उंबऱ्यावर बसली होती, मूठ मिटून. रत्नाबाईनं तिचाही नेम आपल्याकडं घेतला, पण पोरगी तांब्याकडं वळली नाही. तिनं आत बोट दाखवलं.

साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवी मूठ मिटलेली. समोर पाण्यानं भरलेली घागर, वर झाकण.

सगळं लख्ख कळलं रत्नाबाईला. गोजरानं धावत खाली येऊन आजीच्या हातावर पाच दाणे ठेवले होते आणि सकाळची कहाणी जशी ऐकली तशी, नदीनं निजायला जागा मागितली तिथपर्यंत, सांगितली होती. दाणे हातात घेऊन ऐकली, म्हणजे ऐकणारी बांधली गेली. आणि ते हातावरचे दाणे रत्नाबाईनंच दिले होते.

ती घागरीच्या अलीकडं बसली. तिचाही घसा सुकला होता. दोघींच्या मध्ये घागर, आणि दोघीही तिच्याकडं बघत नव्हत्या.

"मावशी, पाणी प्या. पोरांचा नेम घेतला तसा तुमचाबी घेते मी."

"पोरांना सूट असती. मी काय पोर हाय?"

"मग मी हितंच सांगते राहिलेली."

"देवीम्होरं सुरू झालेली कहाणी चुलीम्होरं संपवायची व्हय? तुला सगुणानं शिकवलंय ना?"

रत्नाबाईनं मनात कबूल केलं, सासूबाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. मग वर चला, असं ती म्हणू शकली असती, पण म्हणाली नाही. तहानेनं बांधून म्हातारीला डोंगर चढवायचा, हे तिला देवीच्या नावाखाली केलेलं कपट वाटलं. सरावासाठी तर नाहीच नाही. ती नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळानं साळूबाई उठली. देव्हाऱ्याच्या मागून तिनं कुंकवाची एक जुनी लाकडी डबी काढली आणि झाकण उघडून रत्नाबाईपुढं धरली. आत तांदळाचे दाणे होते. पिवळे पडलेले, दोनचारांचा तर भुगा झालेला.

"आमच्या देवीच्या अंगणात बसलो हुतो," साळूबाई म्हणाली. "श्रावणातला शुक्रवार. धा-बारा बाया. कहाणी निम्म्यावर आली आन् गडी पळत आले. उठा म्हनले, पानी शिवंला लागलं, आजच निघायचं. उठलो. मूठ मिटूनच घर आवरलं मी, एका हातानं. गाडीत बसलो. वाटंत थोरला अंगावर पीत हुता, माझा घसा पडला. प्याले पानी." तिनं डबीचं झाकण लावलं. "ती कहाणी अजून तितंच हाय. त्या दिसापासनं मी कुठलीच ऐकली न्हाई. आज ह्या पोरीनं हातावर दाणे कधी ठेवले, कळलंच न्हाई मला."

म्हणून म्हातारी सरावाला उठत नव्हती. पाण्याचा राग असेल, हट्ट असेल, असं सगळा गाव समजत होता. तिचं म्हणणं साधं होतं. एकदा उठू नये तिथून उठले, आता उठणार नाही.

रत्नाबाईनं डबीकडं पाहिलं. सासूचा आवाज कानात होता, पण आता त्यात दटावणी नव्हती.

"मावशी, गुराखी सांगतात, वैशाखाच्या अखेरीला पाणी उतरलं की तुमच्या देवीचं जोतं उघडं पडतं."

"ऐकलंय मी. बघवायचं न्हाई मला. आन् गुडघेबी न्हाईत तेवढे."

"मी जाते. पाऊस पडायच्या आत. हे तांदूळ तिच्या पायाशी घालून येते." आणि वर ती म्हणाली, "तुमी वर या, नका येऊ, मी जाणारच. त्याचं ह्याच्याशी काही न्हाई."

साळूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हात टेकला, गुडघ्यावर जोर दिला आणि उभी राहिली.

"गोजरे, तांब्या भरून घे," ती म्हणाली. "वर लागंल."

उन्हं कलली होती. म्हातारी पुढं, एका हाताला रत्नाबाई, मागं तांब्या सांभाळत गोजरा. साळूआजी घराबाहेर पडली, हे बहिरूनं पाहिलं. बहिरूनं पाहिलं म्हणजे गावातल्या सगळ्या पोरांनी पाहिलं. गाठीला तांदूळ होतेच. हां हां म्हणता टेकडीच्या वाटेवर पोरांची रांग लागली.

कुशाबा चावडीत बसून सकाळच्या सरावाचा कागद लिहीत होता. त्यानं मान वर केली आणि त्याच्या हातून टाक गळाला. साळूबाई डोंगर चढत होती. जी बाई दोनदा सांगून उठली नाही ती आपणहून चढतेय, म्हणजे तिला नक्की काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं. तो धावला आणि कांब घेऊन रुळावर तुटून पडला. असे टोल वाडीनं कधी ऐकले नव्हते. बाया उकळता भात चुलीवरून उतरवून धावल्या, कोंडिबा गोठ्यातल्या दोन्ही बैलांचे कासरे सोडून आला, कुणी शेळी उचलली, कुणी जातं उचलायला गेलं आणि सोडून आलं. चाँदभाई तेवढ्यात सायकल ढकलत परत येत होता. तो पौडापर्यंत जाऊन आला होता. विहिरीवर पाणी प्यायला वाकला आणि खिशातले पाच दाणे आठवले, असं त्यानं मागाहून सांगितलं.

कुशाबा सगळ्यांत शेवटी वर पोचला. धापा टाकत त्यानं विचारलं, "पानी कुटं हाय?"

"हाय की, तांब्यात," साळूबाई म्हणाली. "बस खाली. कहाणी चालू हाय."

सगळा गाव पटांगणात होता. कुणी न समजावता, कुणी न मोजता, वाघजाईच्या वाडीतलं एकूण एक माणूस त्या संध्याकाळी वर आलं होतं. शिव्या द्याव्यात की हसावं, कुशाबाला कळेना. तो बसला. रत्नाबाईनं त्याच्याही हातावर दाणे ठेवले. पोरांनी गाठी सोडून आपापले दाणे पुन्हा मुठीत घेतले.

मग तिनं राहिलेली कहाणी सांगितली. सकाळी तिला शेवट ठाऊक नव्हता. आता होता. नदी म्हणाली, निजू दे. म्हातारीनं शब्द दिलेला, नाही कशी म्हणणार? ती म्हणाली, नीज बाई, घर तुझंच आहे, मी तोवर देवीला भेटून येते. हातात दिवा घेतला, नातीला कडेवर घेतलं, शेजारणीला हाक मारली आणि डोंगर चढली. नदीला घर मिळालं, ती मागं आली नाही. निजली गाढ. झोप झाली तशी उठली, केस बांधले आणि आपल्या वाटेनं गेली. म्हातारी खाली आली. घरात चिखल होता, तो तिनं सारवून काढला, आणि त्या वर्षी घरामागच्या परड्यात दुप्पट भात आला.

पोरांनी सुस्कारा सोडला. मुठी उघडायला लागल्या, तेवढ्यात साळूबाईचा आवाज आला.

"आन् न्हाई उठली तर? तितंच निजून राहिली तर?"

कोंडिबानं बायकोकडं पाहिलं. रत्नाबाईनं पदराचं टोक सारखं केलं.

"तर म्हातारीनं वर बसून राहायचं न्हाई, मावशी. दुसरीकडं चूल मांडायची, नातवंडं वाढवायची. आन् पाणी उतरंल तेव्हा कुणीतरी जाऊन तिच्या उशाशी दिवा लावून यायचा."

तिच्या आवाजात ती म्हणाली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. साळूबाईनं मान हलवली. ती उठली, देवीपुढं गेली आणि मूठ उघडली. पाच दाणे पडले. मग सत्तावीस पोरं, मग चाँदभाई, मग कुशाबा. गोजरानं तांब्या पुढं केला. साळूबाई आधी प्याली नाही, तिनं तो रत्नाबाईकडं सरकवला. सांगणारीचा मान पहिला. रत्नाबाई दोन घोट प्याली आणि उरलेलं म्हातारीनं वरून धार धरून संपवलं. चाँदभाईनं सकाळचे चुरमुरे वाटून टाकले. मऊ पडले होते, तरी कुणी नावं ठेवली नाहीत.

त्यानंतरच्या प्रत्येक सरावाला टोल पडायच्या आधीच साळूबाई आणि गोजरा वर जाऊन बसलेल्या असत. पोरांसाठी जागा धरून.

आठ दिवस गेले. रोहिणी नक्षत्र लागलं, पश्चिमेला ढग दिसू लागले. एके दिवशी फटफटायच्या सुमाराला रत्नाबाईनं अंघोळ केली, टेकडी चढून देवीला दिवा लावला आणि जरा जास्त वेळ हात जोडले. खाली आली. कोंडिबाला तिनं रात्रीच सांगून ठेवलं होतं. तो बैलांना वैरण टाकत होता, त्यानं नुसती मान हलवली. भाकरी फडक्यात बांधलेली, एक पणती, तेलाची बुधली, काड्यापेटी. साळूबाईच्या घरावरून जाताना दार लोटलेलं होतं. पायरीवर मात्र कुंकवाची ती लाकडी डबी ठेवलेली, आणि तिच्यावर ओल्या दुर्वांची जुडी.

रत्नाबाईनं वाकून डबी उचलली आणि पदराला घट्ट गाठ मारली. कहाणी निम्म्यावर कुठं तुटली होती ते तिला म्हातारीनं सांगून ठेवलंच होतं. उरलेली तिथं बसून मनात म्हणायची होती. ती नदीकाठच्या वाटेला लागली आणि धरणाच्या दिशेनं चालू लागली.